अर्ध्या दिवसाची सुट्टी

आमच्या शाळेला इतिहास आहे, असं आमच्या शाळेत रोज कोणी ना कोणी म्हणतं. मी तिथं इतिहासच शिकवते, त्यामुळे हे वाक्य कानावर पडलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. इतिहास सगळ्यांनाच असतो. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानालाही असतो. फक्त तो न्हावी भिंतीवर आजोबांचं तैलचित्र टांगून गिऱ्हाइकाला त्याच्याकडे मान झुकवायला लावत नाही.

शाळा उपनगरात आहे. संस्थापक रेव्हरंडांनी 'शहराच्या कोलाहलापासून दूर, निसर्गाच्या कुशीत' ही जागा निवडली, असं माहितीपुस्तकात छापलंय. खरी गोष्ट अशी की शहरातल्या चर्चमध्ये त्यांचं कोणाशी पटेना. प्रवचन संपता संपायचं नाही आणि कोणी पेंगलं तर हे वरून नाव घेऊन उठवायचे. मंडळी कमी व्हायला लागली तेव्हा त्या वेळच्या बिशपनं वैतागून त्यांना गावाबाहेर, वीटभट्टीच्या शेजारी धाडून दिलं. तिथं ऐकायला माणसंच नव्हती, म्हणून रेव्हरंडांनी मुलं गोळा केली. मुलांना मधेच उठून जाता येत नाही. पहिला वर्ग भट्टीच्या छपराखाली भरला. चॅपलच्या रंगीत काचेत मात्र त्यांच्या मागे भट्टी नाही, डोंगर आहे. काचेत त्यांना भरघोस केसही आहेत. ग्रंथालयातल्या एकुलत्या एक फोटोत टक्कल चकाकतंय.

फाटकावर सोनेरी अक्षरांत 'स्वतंत्र अँग्लिकन शाळा' असं लिहिलंय. स्वतंत्र कोणापासून, असं मी नोकरीला लागले तेव्हा एका जुन्या सरांना विचारलं होतं. "सरकारपासून," ते छाती पुढे काढून म्हणाले. असेल बुवा. देणगीदाराच्या नातवाला नापास करण्याचं स्वातंत्र्य मात्र अजून कोणी मिळवलेलं नाही. पुढे मुलगे कमी पडायला लागले, बाकं रिकामी राहायला लागली, तेव्हा मुलींना घेतलं. माहितीपुस्तकात त्याला 'काळाच्या पुढचं पाऊल' म्हटलंय. पलीकडच्या रस्त्यावरच्या सरकारी शाळेत तोवर मुलींच्या आया आणि आज्या शिकून गेल्या होत्या.

आणि शाळेचं ब्रीद म्हणजे काय, तर नम्रता. नम्रतेसाठी दरवर्षी एक चांदीचा पेला देतात. ज्याला मिळतो तो पुढे आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरतो.

हे सगळं मी हसून सोडून देत आले असते. पण या शाळेत माझा भाऊ ऑर्गन वाजवायचा, आणि त्याची मुलगी शिकत होती.

दादा तरुणपणी या चॅपलमध्ये आला तो तिथलाच झाला. रोज सकाळची उपासना, रविवारची उपासना, कोणाचं लग्न, कोणाचं दफन, सगळीकडे दादाचे हात. वहिनी लवकर गेली. त्यानंतर त्यानं मुलीला आणि ऑर्गनला, दोघांना सारख्याच निगुतीनं सांभाळलं. तिला आम्ही ठकी म्हणतो. चार वर्षांची असताना ती ऑर्गनच्या माळ्याच्या शिडीवर बसून भजनं पाठ करायची आणि वर आमेनही स्वतःच म्हणायची. शाळेत नोकरीला असणाऱ्याचं मूल फीशिवाय शिकतं, त्यामुळे ठकी तिथंच पहिलीपासून वर चढत गेली. मला मूलबाळ नाही. माझा जीव काय तो त्या पोरीत.

मग दादाची बोटं आखडायला लागली. आधी थंडीत, मग बारा महिने. वर्षभर त्यानं लपवलं. एका रविवारी बिशपसमोर शेवटचं भजन वाजवताना डावा हात मधेच थांबला आणि मंडळी नुसत्या गळ्यावर गात राहिली. पुढच्या महिन्यात निरोप समारंभ झाला. शाळेचं बोधचिन्ह असलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. दादाला ते भिंतीवर लावताही आलं नाही, खिळा मी ठोकला.

आणि वर्ष संपता संपता हेडसरांनी मला आत बोलावलं.

"बाई, नियम तुम्हाला माहीत आहेच," ते म्हणाले. "वडील नोकरीत नाहीत म्हटल्यावर मुलीची सवलत संपते. पुढच्या वर्षापासून पूर्ण फी."

"सर, शेवटचं वर्ष राहिलंय तिचं. दुसऱ्या शाळेत अभ्यासक्रम वेगळा आहे. आत्ता हलवली तर वर्ष वाया जाईल."

"मला कळत नाही का? पण माझे हात बांधलेले आहेत."

ज्याची बोटं वळत नव्हती त्याच्या बहिणीला हा माणूस असं सांगत होता, आणि सांगताना टेबलावरचं पेन दोन्ही हातांनी मस्तपैकी फिरवत होता. ती फी भरायची तर दादाला घर विकावं लागलं असतं. आणि मी त्याच शाळेत काम करत असले तरी आत्या म्हणजे नियमात कोणीच नाही.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांचंही बरोबर आहे. एकाला सोडलं तर सगळेच येतील." मला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. इतकी वर्षं त्या शाळेनं त्याला असं पढवून ठेवलं होतं की स्वतःच्या गळ्यावर सुरी आली तरी हा सुरीची धार नीट आहे ना ते बघेल.

ठकी त्या दिवशी नुसती पुस्तकांना नवी कव्हरं घालत बसली, पुढच्या वर्षीच्या. वरच्या वर्गातल्या मुलींकडून जुनी पुस्तकं आधीच आणून ठेवली होती तिनं. मला ते बघवेना.

आता आमची एक प्रथा सांगते. दरवर्षी संस्थापक दिनाला चॅपलमध्ये एक विद्यार्थी शास्त्रपाठ वाचतो. वाचून झालं की हेडसर उभे राहून म्हणतात, "वाचणाऱ्या, तुला काय हवं ते माग." मग तो म्हणतो, "सर, आम्हाला अर्ध्या दिवसाची सुट्टी द्या." हेडसर म्हणतात, "दिली!" लगेच टोप्या उडतात, ऑर्गन घुमायला लागतो, दारं उघडतात आणि सगळी शाळा मैदानावर धावते. रेव्हरंडांनी एकदा खूश होऊन एका मुलाला काय हवं ते विचारलं होतं आणि त्यानं सुट्टी मागितली होती. त्या मुलाचं नाव कोणाला माहीत नाही, पण त्यानं मागितलेली सुट्टी आम्ही अजून घेतोय.

यंदा शाळेचं शंभरावं वर्ष. नवे बिशप येणार, विश्वस्त मंडळ येणार, म्हणून चॅपलच्या पाळकांनी खास चाचणी घेतली आणि ठकीला निवडलं. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. सवलत काढून घ्यायची आणि आवाज मात्र वापरायचा, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पाळक मनानं सज्जन माणूस, पण सज्जनपणा कपाटात घडी घालून ठेवणारा.

निवड झाली त्या संध्याकाळी मी ठकीच्या स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. हातातली बशी तशीच राहिली आणि मी म्हटलं, "ठके, सुट्टीच मागायची असं कुठं ठरलंय?"

"म्हणजे?"

"हेडसर म्हणतात काय हवं ते माग. सुट्टी माग असं नाही म्हणत. तुला काय हवंय?"

तिच्या लक्षात आलं. कानापर्यंत लाल झाली. "आत्या, चॅपलमध्ये?"

"मग काय कँटीनमध्ये मागणार? बिशप समोर, सगळे विश्वस्त समोर. एकदा 'दिली' म्हटलं की कोणत्या तोंडानं परत घेतील?"

"बाबांना आवडणार नाही."

"बाबांना विचारायचंच नाही."

ती बराच वेळ ओट्यावरचं पाणी फडक्यानं पुसत राहिली. ओटा केव्हाच कोरडा झाला होता. मग म्हणाली, "वाक्य लहान हवं. लांब असलं तर माझा आवाज कापेल." आम्ही दोघींनी मिळून वाक्य बसवलं: 'सर, शेवटच्या वर्षाची माझी जागा मला द्या.' ती रोज ते न्हाणीघरात नळ सोडून म्हणायची, म्हणजे दादाला ऐकू जाऊ नये. तिला ती जागा किती हवी होती, हे मला तेव्हा त्या नळाच्या आवाजामागून कळलं.

संस्थापक दिन उजाडला. दादा आला नाही. नवा ऑर्गनवाला पायपट्ट्या तुडवतो, वाजवत नाही, असं त्याचं मत. चॅपल खच्चून भरलं होतं. पहिल्या बाकावर विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षीणबाई, डोक्यावर पिसांची टोपी. त्यांच्या शेजारी बिशप. आम्ही शिक्षक बाजूच्या बाकांवर, सगळ्यांचे चेहरे एकसारखे भाविक. विज्ञानाच्या बाई तर डोळे मिटून चक्क झोपल्या होत्या, पण पाठ अशी ताठ की कोणाला शंका येऊ नये.

ठकीनं वाचलं. काय वाचलं पोरीनं! घाई नाही, नाटक नाही, एकेक शब्द सरळ येऊन पुढ्यात बसत होता. ती थांबली, पुस्तक मिटलं. हेडसर उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले, "वाचणाऱ्या, तुला काय हवं ते माग."

तिनं श्वास घेतला. मला दिसलं की पुढच्या रांगांतल्या मुलांचे हात आधीच टोप्यांना लागलेत.

"सर, शेवटच्या वर्षाची माझी जागा मला द्या."

मोठ्यानं. स्पष्ट. आवाज कापला नाही. न्हाणीघरात म्हणायची त्याहून छान म्हणाली.

"दिली!" हेडसर म्हणाले.

टोप्या उडाल्या. ऑर्गन गर्जायला लागला. दारं उघडली आणि पोरं आरडाओरडा करत बाहेर पळाली. मीही क्षणभर हसत उभी राहिले, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, वाटलं जिंकलो. मग मी हेडसरांकडे पाहिलं. ते बिशपांना हसून सांगत होते, "बघितलंत? शंभर वर्षं हेच मागतात. पोरं ती पोरंच."

त्यांनी ऐकलंच नव्हतं.

हिरवळीवर चहा होता. मी एकेकाला गाठत सुटले. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "किती गोड मागितली हो सुट्टी!" खेळाचे सर म्हणाले, "अगदी माझ्या समोर होती. अर्ध्या दिवसाची, असं दोनदा म्हणाली." दोनदा! मी म्हटलं, सर, ती असं काही म्हणालीच नाही. ते माझ्याकडे दयेनं बघायला लागले. बिशपांनी ठकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तिच्या वयात त्यांनाही सुट्टी फार आवडायची. मुलांना विचारलं तर मुलंही तेच. तिच्या वर्गातल्या मुली, तिच्या डब्यातलं खाणाऱ्या, त्यासुद्धा. कोणी खोटं बोलत नव्हतं, तीच तर खरी गंमत. इतकी वर्षं तेच ऐकत आल्यामुळे कान आता माणसाच्या बोलण्यावर अवलंबून राहिले नव्हते. ठकीनं त्या जागी उभं राहून शाळेला आग लागली असं सांगितलं असतं तरी हे 'दिली' म्हणून टोप्या उडवून मोकळे झाले असते.

पाळक एका बाजूला बिस्किट चहात बुडवत उभे होते. मला बघून त्यांनी नजर खाली घातली आणि बिस्किट तुटून कपात पडलं.

"तुम्ही ऐकलंत," मी म्हटलं.

"ऐकलं, बाई."

"मग चला माझ्याबरोबर."

"आत्ता? पाहुणे आहेत..."

"म्हणूनच आत्ता."

त्यांच्या झग्याची बाही धरून मी त्यांना हेडसरांच्या खोलीत नेलं. तिथं हेडसर, बिशप आणि अध्यक्षीणबाई तिघं निवांत बसले होते. भिंतीवर आजवरचे सगळे हेडसर एकाच रागीट चेहऱ्यानं लटकलेले. मी दारातूनच सांगून टाकलं की मुलीनं सुट्टी मागितलेली नाही, आपली जागा मागितली, आणि तुम्ही ती दिलीत.

"अशक्य," हेडसर म्हणाले.

"मी पहिल्या बाकावर होते," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "सुट्टी हा शब्द मी माझ्या या कानांनी ऐकला."

मी पाळकांकडे बघितलं. त्यांनी घसा साफ केला, मग परत केला. "शब्द... थोडा निराळा असावा," ते म्हणाले. त्यांच्या मानानं हे शौर्यच झालं.

हेडसरांचा चेहरा उतरला. बिशप खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "शब्द दिला असेल तर प्रश्नच मिटला, नाही का?" हेडसरांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि ताठ झाले. "या शाळेनं दिलेला शब्द कधी मोडलेला नाही," ते म्हणाले. मी इतिहास शिकवते, मला लगेच चारपाच आठवले. "मुलीलाच विचारू. ती आत्ता जे सांगेल ते मी दिलं असं समजा. जागा म्हणाली तर जागा. सगळ्यांसमोर सांगतो."

पाळक ठकीला आणायला गेले. तेवढ्यात अध्यक्षीणबाईंचा चेहरा उजळला. "आणि खरंच जागा मागितली असेल ना, तर किती हृदयस्पर्शी आहे हो हे! शंभराव्या वर्षाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर घेऊ. ऑर्गनवाल्याची गरीब मुलगी. शाळेनं तिला टाकलं नाही. वडिलांचाही फोटो हवा. त्यांचे ते हात आहेत ना वाकडे झालेले, ते नीट दिसतील असा. देणगीदारांच्या जेवणाला दोघांना बोलवू, मुलगी दोन शब्द बोलेल."

"वर्षभर बोलवता येईल," हेडसर म्हणाले. आता त्यांनाही ते पटायला लागलं होतं.

दार उघडंच होतं. ठकी उंबऱ्यात उभी होती, तिच्या मागे पाळक. ती केव्हापासून उभी होती ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"ये बाळ, ये," हेडसर इतक्या प्रेमानं म्हणाले की मला ते ओळखूच येईनात. "घाबरू नकोस. आज चॅपलमध्ये तू काय मागितलंस?"

ठकीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांग म्हणून. सांग गं बाई, दिलीच आहे त्यांनी, फक्त तोंड उघड. तिनं अध्यक्षीणबाईंच्या टोपीकडे बघितलं, भिंतीवरच्या सगळ्या हेडसरांकडे बघितलं, मग खुर्चीतल्याकडे.

"अर्ध्या दिवसाची सुट्टी, सर," ती म्हणाली.

"पाहिलंत?" हेडसर मांडीवर थाप मारून म्हणाले. अध्यक्षीणबाई जराशा हिरमुसल्या. बिशपांनी घड्याळात बघितलं. पाळकांनी डोळे मिटून घेतले, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं हे मला इतकं स्पष्ट दिसलं की पुढे कित्येक दिवस मी त्यांच्या उपासनेला गेले नाही.

मी ठकीला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं. मैदानावरून मुलांचा गलका येत होता.

"अगं, देत होते! हातात ठेवत होते! वर्ष जाईल तुझं, कळतंय का? त्या बाईच्या बडबडीकडे कशाला लक्ष दिलंस? फोटो काढला असता, संपलं असतं!"

"बाबांच्या हातांचा?" ती म्हणाली.

मी तिचा दंड सोडला.

"आत्या, मी एकदा मागितलं ना? सगळ्यांसमोर, मोठ्यानं. माझी जागा म्हणून मागितलं. आत्ता ते देत होते ते निराळंच काहीतरी होतं." तिचा आवाज आता कापायला लागला होता. "मला हवी होती गं ती जागा. खूप हवी होती."

"माहीत आहे मला."

"पण वर्ष गेलं तर गेलं." तिनं नाक बाहीला पुसलं, गणवेशाच्या, आणि ते बघून मला कसंतरीच झालं, कारण असं करणाऱ्या मुलांना आमच्याकडे उभं करतात. "बाबांना मी सांगते. तू नको सांगूस. तू रडशील."

ती पायऱ्या उतरून फाटकाकडे चालायला लागली. मी तिथंच व्हरांड्यात उभी राहून रडत होते. आतून अध्यक्षीणबाई कोणाला तरी विचारत होत्या की चहा अजून शिल्लक आहे का.